कलम नऊ

४ मार्च

दादा,

मायना दोनदा लिहिला आणि खोडला. तुला 'प्रिय' म्हणायची सवय तीन वर्षांत मोडली आणि 'महोदय' लिहिलं तर तू कागद तिथेच फाडशील. म्हणून नुसतं दादा.

संसदेच्या समितीचं समन्स तुला मिळालं असेल. त्यावर माझी सही आहे ती अध्यक्ष म्हणून. हे पत्र बहिणीचं आहे. जिल्ह्याचा पोलीस प्रमुख म्हणून तू ते फाईलला लावू नकोस.

पुलावर तुमच्या आणि शेजारच्या राज्याच्या पोलिसांनी एकमेकांवर गोळ्या झाडल्या, सात शिपाई मेले आणि महिना उलटायच्या आत केंद्राने विधेयक आणलं: सीमेवरच्या वादातल्या पट्ट्यांवर केंद्राचं दल बसेल, राज्यांना विचारायची गरज नाही. तुमची दोन्ही राज्यं त्याविरुद्ध बोंबलतायत. त्यांचं म्हणणं निम्मं तरी मला पटतं. पण त्या विधेयकात कलम नऊ आहे आणि त्याच्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. सीमेवरच्या बंदोबस्तात गोळी झाडणाऱ्या पोलिसावर, मग तो केंद्राचा असो की राज्याचा, खटला भरता येणार नाही. तेही मागच्या तारखेपासून. म्हणजे पुलावरच्या सकाळीलाही लागू. तिन्ही सरकारं बाकी सगळ्यावर भांडतायत. हे कलम मात्र तिघांनाही हवंय. मला तेच खुपतंय.

तुझ्या राज्याने आम्हाला कळवलं, 'राज्याचा अधिकारी केंद्राच्या समितीला उत्तर द्यायला बांधील नाही.' ठीक आहे. तुम्ही येत नाही तर आम्ही येतो. अठराला तुमच्या नगरपालिकेच्या सभागृहात साक्षी घेणार आहोत. तू माझा भाऊ आहेस हे मी समितीला पहिल्याच बैठकीत सांगितलं. तुझ्या साक्षीच्या वेळी मी खुर्ची सोडेन आणि तिथे मास्तर बसतील. मास्तर म्हणजे आमच्यातले सगळ्यात म्हातारे सदस्य. जन्मभर गणित शिकवलं. अजूनही एखादा मंत्री फार बोलायला लागला की म्हणतात, "आधी बस खाली, मग बोल."

कोठडीत मेलेल्या माणसाबद्दल मी सभागृहात प्रश्न विचारला, त्या संध्याकाळी तू माझ्या दारात उभा राहून म्हणालास, "मुंगे, तू माझ्या वर्दीवर थुंकलीस." तो प्रश्न मी आजही विचारेन. तू मला माफ कर असं म्हणत नाही. फक्त ये आणि पुलावर काय झालं ते सांग. कोणी म्हणतं पहिली गोळी पलीकडून आली, कोणी म्हणतं तुमच्या गृहमंत्र्यांनी फोनवर हुकूम दिला. मला खरंच माहीत नाही.

वहिनीला विचारलंय म्हणून सांग.

मुंगी

२० मार्च

तू मला उचललंस. त्याला नाही.

हॉस्पिटलमध्ये आहे. खांद्याचं हाड मोडलंय, डावा हात गळ्यात आहे. उजव्याने लिहितेय आणि एकही शब्द गाळणार नाही.

तू आत आलास तेव्हा पडदे पेटलेले होते. त्याआधी काय झालं ते तुला माहीत नसेल, म्हणून सांगते. साक्षीला तो ट्रक ड्रायव्हर बसला होता. त्या सकाळी दोन्हीकडच्या पोलिसांच्या मधोमध त्याचा ट्रक अडकला होता. काळा, बुटका, दर वाक्याला "काय साहेब, बरोबर ना?" म्हणायचा. मास्तर त्याला म्हणाले, "तू सांगतोयस ते बरोबर की चूक हे मला कसं ठाऊक असणार बाबा? मी तिथे होतो का?" सगळे हसले. तोही हसला. मग म्हणाला, "पहिली गोळी मी बघितली. गाडीच्या आरशात. एका साहेबांनी झाडली, शिपायाने नाही. समोर आणलंत तर ओळखेन."

तेवढ्यात पहिली काच फुटली.

तुमच्या गृहमंत्र्यांनी आदल्या दिवशी भाषणात सांगितलं होतं, ही समिती आपला पूल विकायला आलीय. ऐकणारे आले होते. सळ्या, सायकलच्या चेना, पेटत्या चिंध्या कोंबलेल्या बाटल्या. मी खिडकीतून फाटकाकडे बघितलं, कारण फाटकावर तुझी माणसं होती. मी बघत असताना त्यांनी फाटक उघडलं, दादा. घाबरून नाही. पाहुण्यांना आत घ्यावं तसं, बाजूला सरकून. एकाने तर हेल्मेट काढून कठड्यावर ठेवलं.

लघुलेखकाच्या टेबलावर बाटली फुटली आणि त्याची बाही पेटली. मास्तर त्याच्या अंगावर आपला कोट टाकून विझवत होते तेव्हा त्यांच्या कमरेत सळई बसली. काटकी मोडावी तसा आवाज झाला. ते पडले, आणि पडल्यावर एकाने त्यांच्या डोक्यात लाथ घातली. कोणाच्याही वडिलांच्या वयाचा माणूस. मी मध्ये गेले तेव्हा माझा खांदा गेला. ड्रायव्हरने मला ओढून व्यासपीठामागे नेलं. मला, त्याने. पळून जायला मागची खिडकी होती आणि तो पळाला नाही.

मग तू आलास. हातात पिस्तूल, मागे चौघे. माझ्याकडे बघितलंस, त्याच्याकडे बघितलंस. चांगलं बघितलंस. मला उचलताना त्याने माझा दंड धरला आणि म्हणाला, "साहेब, मलाही." आणि तू त्याचा हात सोडवलास. एकेक बोट करून.

जिन्यावर मला त्याचा आवाज ऐकू येत होता. मग चौकातून आला. मग आला नाही. त्याच्या बायकोला तो बुटांवरून ओळखावा लागला.

मला एकच सांग. आरशात दिसलेला साहेब तू होतास का? म्हणून त्याची बोटं सोडवलीस का?

उत्तर देणार नसशील तर बहिणीला वाचवलं म्हणून कोणाकडे मिरवू नकोस.

३ एप्रिल

दादा,

तुझं एका शब्दाचं पत्र आलं. "येतो." तारीख नाही, सही नाही. अक्षर मात्र तुझंच.

काल वहिनीचा फोन आला होता. त्या रात्री फाटकावरच्या शिपायांना तू ओळीने उभं करून त्यांचे पट्टे उतरवलेस आणि सकाळी सरकारने तुलाच निलंबित केलं, हे तिच्याकडून कळलं. तुझी जीप दारात जाळली हेही. ती रडत नव्हती. म्हणाली, "तुम्ही बहीणभाऊ सरकारं-सरकारं खेळताय आणि इथे आम्ही अंगणात वाळूच्या बादल्या भरून बसलोय."

पुलावरून येऊ नकोस. उत्तरेकडच्या रस्त्याने ये, आणि दिवसा. तुमचे गृहमंत्री टीव्हीवर मला घरभेदी म्हणाले, तेव्हापासून माझ्याही खिडक्यांना पुठ्ठे लावलेत. परवा बैठकीत सत्ताधारी पक्षाचा एक सदस्य गोड आवाजात म्हणाला, "ताई, कलम नऊ राहू द्या. तुमच्याच घरात शांतता नांदेल." मी त्याच्या तोंडावर पाण्याचा पेला भिरकावला. लागला नाही. कार्यवृत्तात फक्त 'अध्यक्षांनी नापसंती व्यक्त केली' असं आलंय.

राजधानीत पोचलास की समितीच्या सचिवांना कळव. माझ्याकडे उतरू नकोस. साक्षीपूर्वी आपण बोलता कामा नये.

मुंगी

१२ एप्रिल

दादा,

मी शेवटच्या रांगेत होते. खुर्चीत डॉक्टरीणबाई होत्या, आमच्याच समितीतल्या एक सदस्य. मास्तरांच्या जागी समितीने त्यांना बसवलं. तू एकदाही मागे बघितलं नाहीस. तू जे बोललास ते मी पुन्हा लिहून काढतेय, कारण स्वतःच्या हाताने लिहिल्याशिवाय ते मला खरं वाटत नाही.

भांडण अडथळ्याच्या एका खांबावरून सुरू झालं. खांब दोन हात इकडे की तिकडे. आधी शिव्या, मग ढकलाढकली. तुझ्या सगळ्यात लहान शिपायाने पलीकडच्या हवालदाराच्या कानाखाली वाजवली आणि त्यांनी त्याला ओढून घेतलं. तिघे जण बंदुकीच्या दस्त्यांनी त्याचं तोंड ठेचत होते. तू म्हणालास, "दात रस्त्यावर पडलेले दिसत होते. तो आईला नाही, मला हाक मारत होता." तू पिस्तूल काढून पहिल्याला गोळी घातलीस. दुसऱ्याने बंदूक खाली टाकली, हात वर केले.

"मग?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मग मी त्यालाही घातली."

"हात वर असताना?"

"हो."

"आदेश कोणाचा होता? गृहमंत्र्यांचा?"

केंद्राच्या बाजूचे सगळे सदस्य पुढे झुकले. त्यांना 'हो' हवं होतं. तेवढ्या एका 'हो'साठी त्यांनी तुला खांद्यावर घेतलं असतं.

"कोणाचाच नाही," तू म्हणालास. "मला राग आला होता. मंत्र्यांचा फोन नंतर आला, पहिली गोळी पलीकडून आली असं लिहा म्हणून. ते मी लिहिलं, सही केली. पण गोळी माझी."

तुझ्या गोळीनंतर दोन्हीकडून सुटल्या. तुझा तो लहान शिपाईही वाचला नाही.

मग तोच गोड आवाजाचा सदस्य म्हणाला, "कलम नऊ मंजूर झालं तर आपल्यावर खटला होणार नाही. हे आपल्याला ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. माझ्या शिपायांनाही ठाऊक होतं. फाटक का उघडलंस म्हणून एकेकाला विचारलं. ते म्हणाले, साहेब, कोण काय करणार आपल्याला, कलम येतंय. तुम्ही अजून छापलंही नाही आणि एक माणूस त्याने मेला."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला आणि ड्रायव्हरबद्दल विचारलं.

"माझे दोन हात होते. एकात पिस्तूल, एकात बहीण. माझी माणसं जिना अडवून होती. एकाला सांगितलं असतं तर त्याने त्याला घेतलं असतं. सांगितलं नाही." मग म्हणालास, "त्याने मला ओळखलं होतं. हा राहिला तर सुटलो, असं माझ्या मनात आलं. एक क्षणच आलं. तेवढा पुरला."

दादा, मी तुला तोच प्रश्न विचारला होता, आणि उत्तर आल्यावर मला वाटलं, खोटं बोलला असतास तर बरं झालं असतं.

तू गेल्यावर मी खुर्चीत परत आले आणि समितीने कलमवार विचार सुरू केला. आठ कलमं दुपारपर्यंत झाली. नऊवर मतं समसमान पडली. मास्तर असते तर पडली नसती, आणि हॉस्पिटलमधून मत देता येत नाही. मी म्हटलं, मला यातून मोकळं करा, साक्षीदार माझा भाऊ आहे. सचिवांनी नियम वाचून दाखवला: समसमान झाली तर अध्यक्षाने निर्णायक मत द्यायलाच हवं, सुटका नाही. डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "बाजूने दिलंत तर लोक म्हणतील भावाला वाचवलं. विरुद्ध दिलंत तर म्हणतील खुर्चीसाठी भाऊ विकला. तेव्हा लोकांचं सोडा."

मी उद्यापर्यंत बैठक तहकूब केली आणि मास्तरांकडे गेले. कमरेखाली त्यांना काही कळत नाही. डोक्याला पट्ट्या, एक डोळा मिटलेला.

"उत्तर विचारायला आलीस का?" म्हणाले.

"नाही. बसायला आले."

"मग बस. मी वर्गात कोणाला उत्तर सांगितलं नाही, तुलाही सांगणार नाही." मग म्हणाले, "ज्याने मला लाथ मारली तो पोलिसात असता आणि हे कलम असतं, तर मला त्याचं नावसुद्धा कळलं नसतं. मला ते कळायला हवंय. शिक्षा मागाहून बघू. नाव तरी."

मी तुला मत विचारत नाही. तू काय म्हणशील ते मला माहीत आहे, आणि तुझ्या तोंडून ते ऐकलं तर तू सांगितलंस म्हणून केलं असं जन्मभर स्वतःला समजावत राहीन. तशी सोय मला नकोय.

मुंगी

१४ एप्रिल

दादा,

कलम नऊ वगळलं. माझ्या मताने.

हात वर करायचा असतो. डावा अजून गळ्यात आहे, उजवा वर केला. तो वर असताना मला त्या माणसाचे हात दिसले, ज्याला तू दुसरी गोळी घातलीस. सचिव मोजायला उगाच वेळ लावतायत असं वाटलं. एकच तर हात होता.

समितीपुढचं बोलणं कोर्टात तुझ्याविरुद्ध वापरता येत नाही. वकील म्हणून मी त्याच एका दोराला धरून होते. काल कळलं की साक्ष दिल्यावर त्याच संध्याकाळी तू ठाण्यात जाऊन तेच सगळं पुन्हा लिहून दिलंस. माझा हात वर व्हायच्या आधीच तो दोर तू कापला होतास.

वहिनीचा फोन आला. एवढंच म्हणाली, "तुम्ही त्यांना मारलंत." आणि ठेवला.

मुंगी

९ सप्टेंबर

दादा,

तुरुंगात तुला माझी आधीची पत्रं मिळाली की नाहीत, कोणी सांगत नाही. म्हणून थोडक्यात परत.

विधेयक सभागृहात आलं तेव्हा सरकारने कलम नऊ पुन्हा घालायची दुरुस्ती मांडली. मी तुझी साक्ष पहिल्या शब्दापासून वाचायला घेतली. समितीने ती जाहीर केली होती, त्यामुळे मला अडवता येत नव्हतं. समोरचे सदस्य बाकं बडवत होते. एकजण धावून आला आणि माझ्या त्याच खांद्यावर त्याने ठोसा मारला. मार्शल मध्ये पडले, त्यांच्यातल्या एकाचं नाक फुटलं, गालिच्यावर रक्त. मी वाचत राहिले. 'तेवढा पुरला' इथे आले तेव्हा बाकं थांबली होती. दुरुस्ती पडली. थोड्या मतांनी, पण पडली.

त्यानंतर महिन्याभरात तिन्ही सरकारांचं गूळपीठ जमलं. पूल आता केंद्राच्या दलाकडे आहे. तुमचे आणि शेजारचे मुख्यमंत्री त्याच्यावर हातात हात घालून चालले, फोटो आले. पत्रकात गोळीबाराला 'दुर्दैवी प्रसंग' म्हटलंय. कोणाच्या हातून घडला ते लिहिलेलं नाही. तुमच्या गृहमंत्र्यांना नवीन खातं मिळालं. फाटक उघडणारे चौघे मात्र आत आहेत, आणि मास्तरांना लाथ मारणाराही सापडला. तो मिठाईच्या दुकानात कामाला होता. मास्तरांनी त्याचं नाव दोनदा उच्चारून घेतलं आणि म्हणाले, "आता झोप येईल." ते जुलैत गेले.

तुला पलीकडच्या राज्याच्या तुरुंगात ठेवलं, कारण गोळ्या लागल्या ती जागा त्यांच्या हद्दीत. मी अर्जावर अर्ज केले. ज्यांच्या माणसांना तू मारलंस त्यांच्याच हातात तुला देऊ नका, म्हणून. व्हायचं ते झालंच. जाळीपलीकडे तुला बघितलं तेव्हा आधी मी दुसऱ्याच कैद्याला हाक मारणार होते. पुढचे दात नाहीत, कान फाटलेला. "कोणी केलं?" म्हटलं तर तू म्हणालास, "मुंगे, ते राहू दे." मी म्हटलं, "राहू देणार नाही. तुझ्यासाठी नाही, कायद्यासाठी." तेव्हा तू हसलास. दात नसलेलं, घाणेरडं हसू. तीन वर्षांत आणि हे सगळं होऊन गेल्यावर तू माझ्याकडे बघून पहिल्यांदा हसलास. तिथल्या जेलरवर मी तक्रार दाखल केलीय. नाव, हुद्दा सगळं लिहून.

तू वकील नाकारलास, मला तर आधीच नाकारलंस. मी मागे लागणार नाही. ड्रायव्हरच्या बायकोची साक्ष सोमवारी आहे. तिला काय विचारतील, ती काय सांगेल, मला झोप लागत नाही. तू तिचं म्हणणं शेवटपर्यंत ऐक. मध्ये माफीबिफी मागू नकोस. ती तुझ्याकडून काही घ्यायला येत नाहीये.

काल रात्री वहिनीचा फोन आला. एप्रिलनंतर पहिल्यांदाच. म्हणाली, "सोमवारी मी येतेय. तुमच्या शेजारी बसणार नाही."

"चालेल," म्हटलं.

तिने फोन ठेवला नाही. मग तिने विचारलं, "कोर्टात आत कुठून जायचं असतं?"

मी तिला फाटकापाशी घ्यायला जाणार आहे. आरोपीच्या माणसांसाठी दोन्ही बाजूंना दोन-दोन बाकं असतात. तुझी मान डावीकडे वळत नाही असं डॉक्टरने लेखी कळवलंय, म्हणून उजवीकडची दोन्ही आम्ही धरू. पुढच्यावर ती, मागच्यावर मी.

मुंगी